थोरली जाऊ गाडी शिकते

दोघी जावा. एक थोरली, एक धाकटी. लग्न होऊन घरात आल्या तेव्हा सासूबाईंनी ही नावं पाडली, आणि सासूबाई गेल्या तरी नावं मागे राहिली. धाकटीची पन्नाशी उलटली, केस पिकले, लेक नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली, तरी घरच्यांना ती धाकटीच. घराबाहेर मात्र सगळे तिला 'क्लचबाई' म्हणत. ती गाडी चालवायला शिकवायची, आणि दर वळणावर तिच्या तोंडून एकच आरोळी निघायची, "क्लच! अहो, क्लच!"

तिचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे लाँड्री आणि दातांचा दवाखाना यांच्यामध्ये अंग चोरून बसलेली एक खोली. डावीकडून इस्त्रीची वाफ यायची, उजवीकडून दात कोरण्याचा घरघराट. "माझ्याकडे येणारा माणूस दारातच अर्धा घाबरलेला असतो," धाकटी म्हणायची. "उरलेला अर्धा मी घाबरवते." खोलीबाहेर शिकाऊ पाटी लावलेली छोटी पांढरी गाडी उभी असायची. शिकणाऱ्याच्या पायाशी क्लच आणि ब्रेक, तसेच शेजारी बसणाऱ्या धाकटीच्या पायाशीही. त्या दुसऱ्या ब्रेकनं आजवर किती कुत्री, किती सायकली आणि किती संसार वाचवले, ते देवालाच ठाऊक.

स्कूल मूळचं तिच्या नवऱ्याचं. तिला गाडी शिकवली तीही त्यानंच. एके सकाळी छातीत कळ आली आणि तो गेला, दवाखान्यात पोचायलाही सवड मिळाली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत धाकटीनं स्कूलचं शटर वर केलं. घरात बसलं की भिंती अंगावर यायच्या. गाडीत बसलं की वाटायचं, तो आत्ताच किल्ली काढून पान आणायला उतरलाय. हे तिनं कोणाला सांगितलं नाही. आपल्या दुःखाचा पत्ता आपण होऊन द्यायची तिची रीतच नव्हती.

आणि शटर उघडलं त्याच आठवड्यातल्या रविवारी ते घडलं. उपासना संपली होती, चर्चच्या अंगणात लोक चहाचे कप घेऊन घोळक्याघोळक्यानं उभे होते. धाकटी कप घ्यायला वळली, तेवढ्यात मागून थोरलीचा आवाज आला. थोरलीचा आवाज म्हणजे भोंगा. गुपित सांगायचं तरी गल्लीच्या टोकाला कळायचं. ती कोणाला तरी सांगत होती, "नवऱ्याच्या खुर्चीत बसायची किती ती घाई! जणू वाटच बघत होती."

कोणी चहाकडे बघितलं, कोणी आभाळाकडे. धाकटीनं कप होता तिथे ठेवला आणि चालू लागली.

त्या दिवसापासून अबोला. तोही साधासुधा नव्हे, नीट निगा राखून जोपासलेला. लग्नकार्यात दोघी समोरासमोर आल्या की धाकटीला एकदम पर्समध्ये काहीतरी सापडेनासं व्हायचं. चर्चमध्ये सगळे एकमेकांचे हात हातात घेऊन शांती असो म्हणायचे, तेव्हा ती बूट नीट करायला वाकायची. प्रभूची प्रार्थना म्हणताना, जसं आम्ही इतरांना क्षमा केली आहे तशी तू आम्हाला कर, या अर्थाची ओळ आली की ती घसा खाकरायची. बाई प्रामाणिक होती. खोटं बोलायचं नाही, निदान देवाशी तरी नाही, म्हणून ती ओळ ती वर्षानुवर्षं खोकल्यात घालवत आली.

आणि अशाच एका दुपारी थोरली स्कूलच्या दारात येऊन उभी राहिली.

दोन्ही हातांनी पर्स पोटाशी धरलेली, चेहरा उन्हानं लाल. साठी ओलांडलेली ही बाई आजवर गाडीत फक्त शेजारच्या सीटवर बसलेली होती, आणि तिथूनच नवऱ्याला गाडी कशी चालवायची ते सांगत आलेली होती.

"शिकवतेस का मला?" ती म्हणाली. ना नमस्कार, ना विचारपूस.

धाकटीनं खुर्चीतून न उठता विचारलं, "कशाला?"

"ह्यांच्या डोळ्यांनी दगा दिलाय. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायला शहराच्या त्या टोकाला जायचं. दोन बस बदलायच्या. परत येताना डोळा बांधलेला, गर्दीत धक्के खातात बिचारे. मुलगा परदेशात. गाडी दारात धूळ खात उभी आहे." थोरलीनं पर्स आणखी घट्ट धरली. "मोठ्या रस्त्यावरच्या स्कूलमध्ये गेले होते. तो मुलगा म्हणाला, आजी, या वयात देवाचं नाव घ्या."

धाकटीच्या मनात एकदम आलं, वा! बरी सापडली. तोंडानं ती एवढंच म्हणाली, "सध्या जागा नाही. पुढे बघू."

गाडी बाहेर रिकामी उभी होती. थोरलीनं गाडीकडे बघितलं, मग धाकटीकडे. एरवी या बाईनं एका दमात चार वाक्यं ऐकवली असती. ती फक्त "बरं" म्हणाली आणि पायऱ्या उतरून बसथांब्याकडे गेली.

धाकटीनं जिंकल्याच्या खुशीत टेबल पुसलं. पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा फडकं हातात घेतलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की खुशी म्हणावी तशी आतपर्यंत उतरत नाहीये.

त्या संध्याकाळी नव्या पाळकांचा क्लास होता. पाळक तरुण, अंगानं काडी, देवावर अपार विश्वास आणि ब्रेकवर मुळीच नाही. प्रवचनाला उभे राहिले की अख्खी मंडळी हलायची, आणि रिव्हर्स घ्यायला बसले की अख्खी गल्ली. त्या दिवशी शाळेमागच्या मोकळ्या मैदानात ते गाडी मागे घेत होते आणि धाकटी नेहमीपेक्षा जास्त ओरडत होती.

"काकू, आज माझं जास्त चुकतंय की तुमचं काही बिनसलंय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही," धाकटी म्हणाली. आणि कसं कोण जाणे, सगळं सांगून बसली. अंगण, चहा, ते वाक्य, आजची पर्स धरून उभी असलेली थोरली. शेवटी घाईघाईनं पुस्ती जोडली, "पण पाळकसाहेब, माझ्या मनात काही नाही हं. मी तिला माफ केलंय. फक्त तिच्याशी बोलत नाही, एवढंच."

पाळकांनी गाडी थांबवली. चक्क स्वतःहून, ब्रेक लावून.

"काकू, प्रभूनं तुम्हाला असंच सांगितलं तर? 'लेकरा, तुला क्षमा केली आहे. फक्त मी तुझ्याशी बोलत नाही, एवढंच.'"

पाळकांना आपलं बोलणं बरं जमल्यासारखं वाटलं असावं, कारण त्यांनी मागच्या आरशाकडे बोट केलं आणि सुरू केलं, "आता हेच बघा, आपण जर सतत आरशात..."

"प्रवचन रविवारी," धाकटी म्हणाली. "आधी गिअर काढा."

पण पाळकांना घरी सोडल्यावर ती घरी गेली नाही. पुन्हा त्याच मैदानात आली, गाडी बंद केली आणि स्टेअरिंगपुढे, नवरा बसायचा त्या सीटवर बसून राहिली. मैदानात कोणी नव्हतं. तिनं प्रभूची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली, आणि ती ओळ आली. सवयीनं घसा खाकरला. मग तिचं तिलाच हसू आलं. इथे खोकला ऐकवायचा कोणाला? ज्याला ऐकवायचा, तो काही खोकल्याला फसणारा नव्हे.

"प्रभू," ती मोठ्यानं म्हणाली, "खरं सांगते, मला तिला माफ करायचं नाहीये. इतकी वर्षं हा राग सांभाळलाय, आता तो घरातल्या माणसासारखा झालाय. तो गेला तर घर आणखी रिकामं होईल. पण तुला तर खिळे ठोकले, आणि तू ठोकणाऱ्यांसाठी प्रार्थना करत होतास. मला चहाच्या कपावरून बोललेलं एक वाक्य सोडवत नाही. मला जमत नाही. तूच कर माझ्याकडून."

आभाळ फाटलं नाही, उजेड पडला नाही. लांब कुठेतरी रिक्षाचा भोंगा वाजला. तिनं वाट पाहिली, मग औषध घेताना नाक दाबतात तसं मन घट्ट करून म्हटलं, "मी थोरलीला माफ करते." आवाज अगदी रडवेला आणि नाखूश होता. पण शब्द तोंडाबाहेर पडले होते. तिनं किल्ली फिरवली आणि गाडी घराऐवजी थोरलीच्या गल्लीकडे वळवली, कारण ती स्वतःला ओळखून होती. सकाळपर्यंत थांबली असती तर विरजण पडलं असतं.

दार थोरल्या दिरांनी उघडलं. मान तिरकी करून ते डोळ्याच्या कडेनं बघायला लागले.

"मी आहे, भाऊजी."

"अगं!" ते दारातच ओरडले. "अगं ऐकलंस का, धाकटी आली! आपल्याकडे! धाकटी!" त्यांनी तिचा हात धरून तिला आत नेलं, खुर्ची ओढली, स्वतः पाणी ओतायला गेले आणि निम्मं टेबलावर ओतलं. थोरली आतून हात पुसत आली आणि उंबऱ्यातच थबकली.

धाकटीनं वाटेत तीन-चार चांगली वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. ती म्हणाली, "उद्या सकाळी लवकर, रस्ते रिकामे असतात तेव्हा. आणि चपला नकोत. बूट घाला, ताई."

पुढचे दिवस त्या गल्लीला बरेच दिवस पुरतील एवढे किस्से देऊन गेले.

थोरली गाडीला हट्टी जनावर समजायची. चढ आला की सीटवरून पुढे झुकून "हं, चल, चल" म्हणायची. हॉर्न वाजवायची तिला लाज वाटे. "बरं दिसतं का, कोणावरही असं खेकसणं?" ज्या बाईनं आयुष्यभर खेकसण्यात कसर ठेवली नाही, तिनं हे म्हणावं! एकदा एका सायकलवाल्याला नको तितकं खेटून गेली, तर पुढे गाडी थांबवून, खाली उतरून, त्याची माफी मागून आली. मागे रांग लागली. दुसऱ्यांदा उतरायला निघाली तेव्हा धाकटीनं तिचा पदर धरला. "ताई, सगळ्यांची माफी मागत बसलात तर दवाखान्यात पोचायच्या कधी?"

धाकटी हसायची, शिकवायची, ओरडायची. पण खरं सांगायचं तर रोज सकाळी थोरली गाडीत बसली, की ते जुनं वाक्य मागच्या सीटवर येऊन बसायचं. रोज तिला मनात पुन्हा म्हणावं लागे, प्रभू, कालचं काल केलं, आज परत. एकदा सोडलं की सुटलं, असं ते नव्हतंच. हट्टी डाग असतो ना कपड्यावर, तसं. धुवा, वाळवा, बघा, पुन्हा धुवा.

आणि मग एक सकाळ आली. चर्चपुढच्या चौकात थोरलीनं गाडी बंद पाडली. सुरू केली, पुन्हा बंद पडली. तिसऱ्यांदा स्टेअरिंग भलतीकडेच वळवलं आणि चाक चर्चच्या फाटकापाशी कट्ट्यावर चढलं. काचेतून ते अंगण समोर दिसत होतं. धाकटीचा तोल गेला.

"सगळ्यांसमोर मला बोलताना जीभ बरी वळली होती! स्टेअरिंग तेवढं वळत नाही?"

थोरलीनं मान वळवून विचारलं, "काय बोलले मी?"

"काय बोललात? नवऱ्याच्या खुर्चीत बसायची घाई झाली होती म्हणालात! वाटच बघत होती म्हणालात! इथे, या अंगणात!" धाकटीनं फाटकाकडे बोट केलं. "तो गेला होता, ताई. मला घरात श्वास येत नव्हता. या गाडीत त्याचा वास होता म्हणून मी आले होते."

थोरली फाटकाकडे बघत आठवायला लागली. कपाळावर आठ्या, ओठ हलतायत. शेवटी हळूच म्हणाली, "मला आठवत नाही गं."

हे मात्र धाकटीनं कधी मनातही आणलं नव्हतं. थोरली नाकारेल, भांडेल, उलटून बोलेल, सगळ्याची तयारी होती. पण विसरेल? आपण जो धोंडा इतकी वर्षं उराशी धरून चाललो, तो टाकणारीला माहीतच नाही?

"आठवत नाही," थोरली पुन्हा म्हणाली, "पण बोलले असणार. माझी जीभ मला माहीत आहे. तिला हाड नाही आणि लगामही नाही. मला वाटायचं, तू मालकीण झालीस, आता आम्हाला कशाला विचारशील. रोज ह्यांना म्हणायचे, गर्व चढलाय हिला." तिनं पदरानं डोळे पुसले. "दीर गेले तेव्हा मी रडत होते, आणि माझं रडणं असंच असतं बघ, तोंडातून काटे निघतात. पण ते काही कारण नव्हे. आठवत नाही म्हणून पाप लहान होत नाही. मला माफ कर."

हेच वाक्य ऐकायला धाकटी इतकी वर्षं थांबली होती. त्यावर काय उत्तर द्यायचं, किती ताणून धरायचं, कुठे वर्मी बोट ठेवायचं, सगळं तिनं भांडी घासताना कितीदा घोकलं होतं. आता ते वाक्य समोर आलं आणि तिनं शोधलं तर आत काही सापडेना. राग होता त्या जागी नुसती ही लाल नाकाची, बूट घातलेली म्हातारी बाई होती, आणि तिच्याबद्दल माया वाटत होती.

"केलंय आधीच," ती म्हणाली. "त्याशिवाय बसवलं असतं का गाडीत? आणि इतकी वर्षं तोंड फिरवून तुम्हाला मी जे वागवलं, त्याची माफी मीही मागते."

दोघी रडल्या. चाक कट्ट्यावर, गाडी तिरकी, त्यामुळे थोरली रडता रडता सारखी धाकटीच्या अंगावर घसरत होती. मागे हॉर्नचा गजर झाला, कोणीतरी काचेतून डोकं काढून दोघींच्या अकलेचा उद्धार करत होतं.

थोरलीनं मागे वळून बघितलं. "ह्यालाही माफ करायचं का?"

"आधी गाडी खाली घ्या, मग बघू!" धाकटी म्हणाली, आणि दोघींना असं हसू फुटलं की क्लचवरचा पाय सुटून गाडी पुन्हा बंद पडली.

परीक्षेत थोरली पहिल्या वेळी नापास झाली. चौकात तिनं डावीकडच्यांना वाट दिली, उजवीकडच्यांना दिली, समोरच्यांना दिली, एका मांजरालाही दिली. परीक्षा घेणारे साहेब शेवटी म्हणाले, "बाई, चांगुलपणाला तोड नाही तुमच्या, पण गाडी कधीतरी पुढेही न्यावी लागते." दुसऱ्या वेळी ती पास झाली. बातमी ऐकून भाऊजींनी खिडकीतून गल्लीत जाहीर केलं, "सांभाळून राहा रे, बायको रस्त्यावर आली!" त्याचा अर्थ काय होतो ते शेजाऱ्यांनी समजावल्यावर त्यांनी वाक्य दुरुस्त केलं.

म्हणून थोरलीची जीभ सुधारली असं कोणी समजू नये. पास झाल्याच्या आनंदात तिनं परीक्षेच्या कचेरीच्या जिन्यातच धाकटीला मिठी मारली आणि त्याच दमात म्हणाली, "केस रंगव गं जरा, माझी आई दिसतेस." धाकटीला टोचलं. टोचलंच. तिनं वर बघून एक श्वास घेतला, आणि या वेळी वर्षं काही लागली नाहीत. जिना उतरेपर्यंत तिला हसू आलं होतं. खाली आल्यावर ती म्हणाली, "ताई, ते केसांचं बोललात ते लागलं हं मला." थोरलीनं जीभ चावली. "लागलं? बाई गं. चुकलं माझं." झालं, एवढ्यावर भागलं.

पुढच्या इंजेक्शनला तिघं निघाली. गाडी थोरलीच्या घरची जुनी, मोठी, निळी. भाऊजी पुढे बसले, धाकटी मागे. बसताना तिच्या लक्षात आलं, या गाडीत आपल्या पायाशी ब्रेक नाही. तरी पाय पूर्ण वाटभर दाबलेलाच होता. उतरली तेव्हा पोटरीत गोळा आला होता. भाऊजी आठवणीनं रस्ता सांगत होते, "आता डावीकडे टॉकीज येईल," आणि टॉकीज पाडून किती काळ लोटला हे सांगायचं दोघींच्या जिवावर येत होतं. दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गेलेलं परत येणार नाही, पण आहे ती नजर टिकतेय. वेळेवर येत राहा." थोरली म्हणाली, "वेळेवर? आता वेळेआधी येऊ. बस थोडीच आहे!"

परत येताना घराचं वळण आलं आणि गेलं.

"ताई, वळण राहिलं!"

"दिसलं मला," थोरली म्हणाली. "पण हॉर्न वाजवू की नको, या विचारात ते मागे गेलं." आणि गाडी सरळ पुढे. पुढे पूल, पुलाखाली भरून वाहणारी नदी, पलीकडे झाडांतून चढत जाणारा मोकळा रस्ता. तिकडे थोरली आजवर कधी गेली नव्हती. भाऊजींनी काच खाली केली. एक डोळा बांधलेला, दुसऱ्याच्या कडेनं वारा बघत असल्यासारखे ते बसले.

"कुठे आलो गं आपण?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही," थोरली म्हणाली.

"चुकलो का?"

"चुकलोय," मागून धाकटी म्हणाली. "चालवू द्या त्यांना भाऊजी, छान चालवतायत."

थोरलीनं चर्चमधलं एक जुनं गाणं सुरू केलं, नेहमीप्रमाणे एक पट्टी वर. भाऊजींनी खालचा सूर धरला. धाकटीनं मधला धरायचा प्रयत्न केला, पण चढावर गाडी कण्हायला लागली, आणि गाणं अर्धवट सोडून तिला ओरडावंच लागलं.

घरी पोचायला त्यांना खूप उशीर झाला. जेवायला कालचंच उरलेलं होतं, तेही थोडं. तिघांनी ते वाटून घेतलं, आणि धाकटी दिवेलागणीपर्यंत तिथेच बोलत बसली.